‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

शासकीय कार्यालयात संगणकाविषयी सर्वांत अधिक वेळा लिहिली जाणारी तक्रार दोन शब्दांची असते – ‘चालत नाही’. सुमारे तीस वर्षांच्या सेवेत अशा कित्येक तक्रारींवर मी सही केली आहे. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेचा माणूस येतो, तासा-दोन तासांत यंत्र सुरू होते, नोंदवहीत ‘तक्रार निकाली’ असा शेरा पडतो आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही होते. बिघाड कशामुळे झाला होता हे त्या वहीत कुठेही सापडत नाही. ते सापडायला हवे असे मलाही पूर्वी कधी वाटले नव्हते. वाटू लागले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना आणि त्यापायी शेजाऱ्यांचे दार ठोठावताना.

त्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. माझा लॅपटॉप २०१७ सालचा. विंडोज ११ च्या किमान अटींत तो बसत नव्हता. यंत्र मात्र धडधाकट होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चालती भांडवली वस्तू भंगारात काढणे जिवावर येते, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही प्रणाली बसवण्याचे मी ठरवले. बसवण्याचे काम अर्ध्या तासात आटोपले. अडचणी त्यानंतर सुरू झाल्या.

माझी नेमणूक सध्या तिरुवनंतपुरमला आहे. लिनक्सच्या बाबतीत अडल्यानडल्यास हे शहर सोयीचे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. भारतातील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची सुरुवात जुलै २००१ मध्ये इथेच झाली. त्याच वर्षी केरळ शासनाने शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प हाती घेतला. पुढे शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले, हजारो शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळाले, आणि २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. २०१८ पासून शाळांमध्ये ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळे चालतात. आमच्या शेजारच्या सदनिकेत शासकीय शाळेतील गणिताच्या शिक्षिका राहतात आणि त्यांची नववीतील मुलगी अशाच एका मंडळाची सभासद आहे. इकडे शिक्षिकेला सारेजण ‘टीचर’ म्हणतात आणि माझ्यासारख्या पुरुष अधिकाऱ्याला ‘सार’.

मी त्यांच्या दारात उभा राहून सांगितले, “टीचर, वायफाय चालत नाही.”

त्या हसून म्हणाल्या, “सार, वर्गात एखादे मूल ‘गणित येत नाही’ म्हणाले तर मी काय करायचे? कोणत्या पायरीपर्यंत आले, ते आधी सांगा.”

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला. या यंत्रावर वायफाय पूर्वी कधी चालत होते का? होते, म्हणजे त्यातला सुटा भाग बहुधा शाबूत आहे. त्याच खोलीत मोबाइलला वायफाय मिळते का? मिळते, म्हणजे दोष घरातल्या राउटरचा नाही. यंत्राला जोडलेल्या भागांच्या यादीत वायफायचा भाग दिसतो का? त्यांनी दाखवलेली आज्ञा देऊन पाहिले, दिसत होता. त्याला चालवणारा ड्रायव्हर बसवला आहे का? होय, मोबाइल केबलने जोडून त्याच्या इंटरनेटवरून तो मी आदल्या रात्रीच उतरवून घेतला होता. बसवून झाल्यावर यंत्र बंद करून सुरू केले, तेव्हा काय दिसले?

इथे मी अडखळलो. एक निळा पडदा आला होता. त्यावर तीन-चार पर्याय होते. मी पहिला, म्हणजे ‘पुढे चला’ या अर्थाचा पर्याय निवडला होता. ही गोष्ट मी आपणहून सांगितली नव्हती, कारण ती महत्त्वाची आहे असे मला वाटले नव्हते.

लिनक्समध्ये यंत्र स्वतःच्या हालचालींची रोजनिशी ठेवत असते. टीचरनी तो ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा द्यायला लावली, तेव्हा उत्तरादाखल एकच ओळ आली – ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. किल्ली नाकारली गेली. ती ओळ वाचताच त्यांचे निदान झाले होते. ‘सिक्युअर बूट’ नावाची सुरक्षा-व्यवस्था चालू असेल, तर ओळखीच्या किल्लीने स्वाक्षरित असलेलाच ड्रायव्हर यंत्र आत घेते. माझा ड्रायव्हर माझ्याच यंत्रावर तयार झालेला, त्यावरची स्वाक्षरीही यंत्रानेच नव्याने बनवलेली. ती मान्य आहे असे मालकाने यंत्रासमोर बसून एकदा सांगावे लागते. निळा पडदा नेमके तेच विचारत होता आणि मी उत्तर न देता पुढे गेलो होतो.

आपल्यापैकी जे कोशागारांशी किंवा वेतन व लेखा कार्यालयांशी संबंधित असतील, त्यांना हा प्रकार लगेच उमगेल. नवा आहरण व संवितरण अधिकारी रुजू होतो, पहिले देयक पाठवतो आणि ते परत येते. देयकात चूक नसते, अधिकाऱ्याला अधिकारही असतो; फक्त त्याची नमुना-स्वाक्षरी तिकडे पोहोचलेली नसते. आम्ही ती नमुना-स्वाक्षरी पुन्हा पाठवली, म्हणजे संकेतशब्द देऊन किल्लीची नोंद पुन्हा मागितली, यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच संकेतशब्द भरला, आणि वायफाय चालू झाले. सारे मिळून वीस मिनिटे लागली. त्यांतील पंधरा प्रश्नोत्तरांत गेली.

मी आभार मानून उठू लागलो, तर टीचर म्हणाल्या, “सार, आता लिहून काढा.” यंत्राचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, काय दिसत होते, कोणती ओळ आली, कारण काय निघाले, उपाय काय केला. “पुढच्या माणसासाठी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेत अशी एक वही असते म्हणे. मी अर्धे पान लिहिले. काही आठवड्यांनी कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या घरी हाच निळा पडदा आला. त्यांना मी ते पान दिले; त्यांचे काम दहा मिनिटांत झाले. वर त्यांनी माझ्या टिपणात भर घातली : त्या पडद्यावर अमेरिकी मांडणीचाच कळफलक चालतो, म्हणून संकेतशब्द साधी अक्षरे व अंक यांचाच ठेवावा. मला हे ठाऊक नव्हते. माझे टिपण त्यांनी वापरले आणि वापरल्यामुळे ते अधिक चांगले झाले.

दुसरी अडचण अस्सल मराठी होती, आणि ती या मल्याळी घरात सुटेल असे मला वाटले नव्हते. प्रशासनावर मराठीत लिहिणाऱ्याला ‘अधिकाऱ्यांनी’ हा शब्द पदोपदी लागतो. पूर्वीच्या यंत्रावर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे एक साधन मी वापरत असे. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक घेतला, आणि ‘अधिकाऱ्यांनी’ऐवजी सतत ‘अधिकार्यांनी’ उमटू लागले. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतील फरक आपण शाळेत शिकलो. आचार्यांना स्वयंपाकघरात पाठवणारी ही चूक मराठी वाचकाला लगेच खटकते. पण परप्रांतात ती दाखवायची कुणाला? मराठी न जाणणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच.

या वेळी मी शहाणा झालो होतो. एका मराठी पुस्तकातला ‘ऱ्य’ मोठा करून कागदावर काढला, शेजारी पडद्यावर उमटणारा ‘र्य’ काढला, आणि आपण कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबतो ते खाली लिहिले. हवे काय, मिळते काय, केले काय – एवढेच. तो कागद टीचरच्या मुलीने पाहिला आणि म्हणाली, “सार, तुम्ही साधा र दाबताय. शिफ्ट धरून दाबा. तिथे दुसरा र आहे.”

तिने सांगितल्याप्रमाणे केले. ‘ऱ’ उमटला, त्याला हलन्त आणि य जोडताच ‘ऱ्य’ झाला. तिला देवनागरीतले एवढे कसे कळले? तर मल्याळमात ‘र’ दोन आहेत, एक मऊ आणि एक कडक. ‘कर’ म्हणजे किनारा, त्यात मऊ र. आपण जिला करी म्हणतो त्या कालवणाच्या नावात कडक र. मल्याळम इनस्क्रिप्टमध्ये कडक र ज्या कळीवर असतो, देवनागरी इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ त्याच कळीवर असतो. कारण १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातील कळफलक सर्व भारतीय लिप्यांना एकाच वर्णक्रमाने बसवलेला आहे. युनिकोडच्या तक्त्यात तर देवनागरी ‘ऱ’पुढे तो द्राविडी भाषांतील र च्या लिप्यंतरासाठी आहे, अशी टीप आहे आणि आपल्या मराठीतला अर्धा र त्याचाच अर्धा आकार मानलेला आहे. मराठीचा एक शब्दही न येणारी मुलगी माझे मराठी दुरुस्त करू शकली, त्याचे श्रेय निम्मे या मानकाला आणि निम्मे त्या कागदाला आहे. ‘मराठी नीट येत नाही’ असे म्हणत मी तिच्या दारात गेलो असतो, तर ती बिचारी काय करणार होती?

त्या रात्री मला काही वर्षांपूर्वीची एक घटना आठवली, आणि ती आठवल्यावर झोप लागली नाही. दुसऱ्या एका राज्यात मी एका कार्यालयाचा प्रमुख होतो. आस्थापना शाखेतील संगणक एके सकाळी सुरू होईना. तक्रार गेली – ‘चालत नाही’. देखभालीचा माणूस आला, त्याने डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसवली, यंत्र दुपारपर्यंत सुरू झाले. ‘तक्रार निकाली’ या शेऱ्याखाली मी सही केली. त्या डिस्कवर सेवेत असताना वारलेल्या एका कर्मचाऱ्याच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते : सेवापुस्तकाची पडताळणी करताना जमवलेली टिपणे, जुन्या नेमणुकांच्या कार्यालयांशी झालेला पत्रव्यवहार, रजेचा हिशोब. सेवापुस्तक कागदावर शाबूत होते, पण बाकीचे पुन्हा जमवायला चार महिने लागले. त्या बाई तीन वेळा कार्यालयात येऊन गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्यासोबत शाळेच्या गणवेशातला मुलगा होता. ‘संगणक बिघडला होता’ असे मी त्यांना सांगितले. ते खरे होते. पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी शेजारच्या शाखेतील यंत्र तसेच बंद पडले, आणि तेव्हा एका तरुण लिपिकाने शोधून काढले की डिस्क काठोकाठ भरली होती, एवढेच. जुन्या निरुपयोगी फाइली काढताच यंत्र सुरू झाले. पहिल्या यंत्राचेही तेच दुखणे असावे, असे मला आजही वाटते. पण पुसलेल्या डिस्कवरून ते सिद्ध करता येत नाही. त्या दिवशी कुणी विचारलेच नाही. मीही नाही.

यात कुणा एकाची लबाडी नव्हती. कंत्राट वाचले की कारण कळते. वार्षिक देखभाल कंत्राटात दंड होतो तो ठरलेल्या तासांत यंत्र सुरू न झाल्यास. कारण शोधले नाही म्हणून दंड नाही, शोधले म्हणून मोबदला नाही. अशा अटींत डिस्क पुसणे हेच त्या माणसाच्या दृष्टीने विवेकी वर्तन ठरते. आणि अधिकाऱ्याचे मूल्यमापन प्रलंबित तक्रारींच्या संख्येवर होत असल्याने त्यालाही लवकर ‘निकाली’ हवे असते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी. कुरणे, मासेमारी, पाटाचे पाणी यांचे वापरकर्ते स्वतःच नियम करून त्यांचा सांभाळ करू शकतात, हे त्यांनी दाखवले. कुरणाला भीती असते अतिचराईची. बिघाडाविषयीच्या ज्ञानाचे मात्र उलटे आहे. ते कितीही जणांनी वापरले तरी संपत नाही. त्याला भीती आहे ती कुणी लिहूनच न ठेवण्याची. लिनक्सच्या वापरकर्त्यांनी हे ओळखले आहे. ही प्रणालीच मुळात सहवापरकर्त्यांना विचारलेल्या प्रश्नातून वाढली : २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स वापरणाऱ्यांना, त्यांना त्या प्रणालीत काय आवडते आणि काय नाही, असे विचारले होते. तेव्हापासून तिथे एक शिष्टाचार रुजला आहे. विचारणाऱ्याने नेमके विचारावे, पुरावा द्यावा, आधी काय करून पाहिले ते सांगावे. आणि उत्तर मिळाले की उपाय लागू पडला किंवा नाही, हे परत येऊन नोंदवावे.

या शिष्टाचाराला काळी बाजूही आहे. नवख्याला ‘आधी माहितीपुस्तिका वाचा’ असे फटकारणारे जाणकार तिथे कमी नाहीत. शिवाय स्वेच्छेने मदत करणाऱ्यांच्या भरवशावर कोशागार चालवता येणार नाही. तिथे जबाबदार कंत्राटदार हवाच. डिजिटल स्वाक्षरीची काही टोकने आणि काही स्कॅनर लिनक्सवर अजूनही त्रास देतात. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा मार्ग धरला आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला, हेही विसरता कामा नये. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही लिनक्स प्रणाली आणली, २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरणही जाहीर केले. तरी केरळातील शाळांत जे रुजले ते इतरत्र तेवढे रुजले नाही. माझ्या मते फरक प्रशिक्षित शिक्षकांचा आणि त्यांच्या वहीचा आहे. आणि ती वही ठेवायला कार्यालयात लिनक्स असण्याची गरज नाही. म्हणून माझ्या सूचना प्रणालीविषयी नाहीत, सवयीविषयी आहेत.

१. तक्रारीच्या नमुन्यात पाच प्रश्न असावेत : काय करत होता, काय व्हायला हवे होते, काय झाले, पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे कोणते, आणि त्याआधी काय बदलले होते. लिपिकाला हे भरायला पाच मिनिटे लागतात.

२. ‘कारण’ या रकान्याशिवाय तक्रार निकाली काढू नये. कारण सापडले नसेल तर ‘सापडले नाही’ असे लिहावे. तीही माहितीच आहे. डिस्क पुसण्यापूर्वी तिची प्रत घेणे आणि शाखाधिकाऱ्याची लेखी संमती घेणे कंत्राटातच असावे.

३. ही वही सर्व शाखांना खुली असावी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे आपले कर्तव्य आहेच. बिघाडांची वही सूचीत बसवणे अवघड नाही. अर्थात यंत्राच्या रोजनिशीत वापरकर्त्यांची नावे, नेटवर्कचे पत्ते असतात. ते झाकूनच मजकूर बाहेरच्याला दाखवावा.

४. बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या अहवालात आपण किल्ल्या, धनादेश-पुस्तके, मुद्रा मोजून देतो. त्याला एक पान जोडावे : या वर्षी काय बिघडले, का बिघडले, कसे सुधारले. आपल्या नोकरीत दर तीन वर्षांनी माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्याला कळलेले सारे जाते.

आता परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांशी थोडे. माझ्या बदल्यांमुळे अनेक शहरांतील महाराष्ट्र मंडळे मी पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला एखादा जुना संगणक असतो, आणि त्याविषयी विचारले की तेच दोन शब्द कानी पडतात. एखाद्या रविवारी ते कापड काढा. यंत्रातील जुन्या सूची, सभासदांच्या याद्या आधी सुरक्षित जागी उतरवून घ्या, मग त्यावर लिनक्स बसवून पाहा. अडेल तिथे शेजारच्या तमिळ, बंगाली, तेलुगू माणसाला विचारायला संकोचू नका. फक्त कागदावर नेमके लिहून न्या. ‘ऱ’ची कळ मला मल्याळी मुलीने दाखवली, तुमची अडचण कोण सोडवेल हे आधी सांगता येत नाही. आणि जे सापडेल ते त्या ग्रंथालयातच एका वहीत लिहून ठेवा.

माझ्या लॅपटॉपवर आणखी एक अडचण अजून शिल्लक आहे : झाकण मिटून पुन्हा उघडले की कधी कधी आवाज जातो. नेहमी नाही, हेडफोन लावलेले असताना झाकण मिटले तरच, असे तीन वेळा पडताळून पाहिले आहे. झाकण मिटण्यापूर्वी हेडफोन काढले तर आवाज राहतो. प्रणाली नव्याने सुरू केली की तो परत येतो. कुणा वाचकाने हे अनुभवले असल्यास अवश्य कळवावे. उपाय लागू पडला किंवा नाही, ते मी इथेच लिहीन.